बाबांचा पसारा फुटपाथवर

जिलाँग, ४ नोव्हेंबर

चि. डेसमंड यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांच्या दिवाणखान्यात सध्या आडवं होऊन शिरावं लागतं. गवत कापायची यंत्रं अकरा, टोस्टर नऊ. आई गेल्यापासून बारा वर्षं लोकांनी फुटपाथवर टाकलेलं सगळं हे उचलून आणतायत. मागच्या महिन्यात त्यातच अडखळून पडले. माझ्या घराजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत त्यांच्यासाठी एक खोली आहे, पण घर विकायला काढलं तरच ती मिळेल. सुतार डागडुजीला बावीस तारखेला येईल. घर रिकामं नसेल तर तो दुसरीकडे जाईल आणि खोली हातची जाईल.

जुनं सामान, यंत्रं उचलून नेणारी नगरपालिकेची मोठ्या कचऱ्याची गाडी वीस तारखेला आहे. मी ढीग बाहेर ठेवला, बाबांनी तो हातगाडीने परत आणला. मग गुपचूप पुढच्या गल्लीत नेऊन ठेवला, तर बाबा फिरायला गेले नि आपलाच टोस्टर उचलून आणला! वर मलाच ऐकवलं, की लोकांना अक्कल नाही, इतकी चांगली वस्तू टाकतात. हसू की रडू?

लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.
नोरीनताई

डार्विन, ८ नोव्हेंबर

ती. नोरीनताईस सा. न. वि. वि.

पोट धरून हसलो, मग लाज वाटली. ताई, आई असताना बाबा वस्तू आणायचे, दुरुस्त करायचे आणि देऊन टाकायचे. माझ्या सगळ्या मित्रांना सायकली कुणी दिल्या? आता नुसतं आणणं उरलंय. त्यांना टाका म्हणू नकोस. फुटपाथवर खुर्ची देऊन बसव नि सांग, की प्रत्येक वस्तूला चांगलं घर तुम्हीच बघा. नाही जमलं तर मला हवं ते बोल, नाहीतरी बोलतेसच.

लोभ असावा, रागही चालेल.
तुझा डेस

जिलाँग, २० नोव्हेंबर

चि. डेस यास आशीर्वाद, आज दुप्पट.

जिंकलो रे! बाबा तीन दिवस टोपी घालून फुटपाथवर बसले. उपवर मुलीच्या बापासारखी एकेकाची चौकशी: यंत्राला तेल घालणार ना, पावसात ठेवणार नाही ना? एकाने टोस्टरला भंगार म्हटलं, त्याला हात हलवत परत पाठवलं. कचऱ्याच्या गाडीला मिळाल्या फक्त दोन गाद्या. एवढंच का, असं ड्रायव्हरने विचारलं, तर बाबा ऐटीत म्हणाले, की तुम्ही उशीर केलात.

अशीच शहाणी पत्रं लिहीत जा.
नोरीनताई

जिलाँग, २२ नोव्हेंबर

चि. डेसमंड यास अनेक आशीर्वाद.

सगळं आपण केलं, असं नोरीन सांगेल. ऐकू नकोस. सुतार सकाळी सात वाजता आला, मी स्वतः किल्ली त्याच्या हातात ठेवली. खोलीही पक्की झाली. तिथे कपाट एकच आहे, हे नोरीनने तीनदा सांगितलंय.

तुझी आई गेल्यावर घर फार रिकामं वाटायचं, म्हणून मी ते भरत गेलो. आज सकाळी ते खरंच रिकामं पाहिलं आणि भीती वाटली नाही. दर रविवारी तुझी आई आणि मी त्या दिवाणखान्यात नाचायचो. सुतार यायच्या आधी मी नोरीनचा हात धरला नि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिला नाचवलं. ती दमली. मी नाही.

तुझा,
बाबा