जिनिंगच्या फाटकावरची झुंबर

धुळे, ता. १२ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. बेबीस,
नानाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज बातमी आनंदाची आहे! आपल्या ‘मशालजी’ साप्ताहिकाला पन्नास वर्षं होताहेत. विशेषांकासाठी त्यांनी वाचकांनाच लिहायला सांगितलंय. आमच्या जुन्या क्रमशः गोष्टींमधलं आवडतं पात्र घ्या आणि त्याला दुसऱ्याच काळात, दुसऱ्याच जगात नेऊन सोडा, असं म्हणतात. माझ्या मनात दुसरं कोण येणार? आपली झुंबर! पारोळ्याला मी मोठ्यानं वाचायचो आणि चुलीपुढं तू भाकरी करपवायचीस. किल्ल्याच्या दरवाजावरची ती पहारेकरीण. दिवस मावळल्यावर दरवाजा उघडायचा नाही असा हुकूम असताना शत्रूच्या छावणीतल्या अडलेल्या बाळंतिणीसाठी तिनं अडसर काढला आणि चाकरी गमावली.

चाळीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. स्वतःच्या पाठवल्या त्या सगळ्या साभार परत आल्या. आपल्या नावानं एक तरी पान छापून यावं, एवढीच हौस उरलीय. शेवटची तारीख वीस नोव्हेंबर.

सोबत गोष्ट आहे. माझी झुंबर जळगावच्या एका कन्याशाळेची मुख्याध्यापिका झालीय. ती वर्गात भुजंगप्रयात म्हणते तेव्हा खिडकीतल्या चिमण्यासुद्धा गप्प होतात. मत निर्भीडपणे कळव. पण फार निर्भीड नको.

लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझा नाना (अभिमन)

एरंडोल, ता. १८ ऑक्टोबर

ती. नानांस,
बेबीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

भाकरी मी करपवायची नाही. तुम्ही वाचता वाचता डोळे पुसायला थांबायचात, म्हणून ती करपायची. हे आधी लिहून ठेवते.

गोष्ट दोनदा वाचली. नाना, बाई चांगली आहे, पण ही झुंबर नव्हे. हे लुगडं नेसलेले अभिमन मास्तर आहेत! झुंबरचं नाव खोडून सुगंधाबाई घातलं तरी गोष्टीचं काही अडत नाही. आपली झुंबर चार शब्दांवर पाचवा बोलायची नाही. तिच्यापाशी एक दार होतं आणि एक हुकूम होता. तेवढं तिच्याजवळ राहू द्या, बाकी बठ्ठं बदला.

घरातले म्हणाले की नानांना कशाला दुखवतेस. मी म्हटलं, बहिणीनं नाही दुखवायचं तर कोणी?

राग आला तर येऊ द्या, पण उत्तर अडवू नका.
आपली बेबी

धुळे, ता. २७ ऑक्टोबर

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद. वि. वि.

राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी फिरायला गेलो, तर कापसाच्या जिनिंग कारखान्यापुढं बैलगाड्यांची ही लांब रांग. फाटकावर काठी घेतलेला पहारेकरी, नंबराशिवाय कोणाला आत सोडीना. बेबी, अंगावर काटा आला! त्या माणसाच्या जागी मला झुंबर दिसली. घरी येऊन चप्पल न काढता लिहायला बसलो.

आता तीच गोष्ट जिनिंगच्या फाटकावर घडते. रांगेतल्या चाळिसाव्या गाडीत एका बाईला कळा सुरू होतात. आतल्या शेडमध्ये सावली आहे, नळ आहे, मॅनेजरची जीप आहे. झुंबर नंबर सोडून ती गाडी आत घेते. मॅनेजरला गहिवरून येतं, तो तिला हार घालतो, मुकादम करतो, सगळी रांग टाळ्या वाजवते. शेवट वाचताना मी स्वतःच रडलो.

मायेनं वाच, एवढंच मागणं.
नाना

एरंडोल, ता. ३ नोव्हेंबर

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

भेटली, नाना! आता भेटली! काठी भिंतीला टेकवून ती फाटकाकडे वळते तिथं मी मोठ्यानं हो म्हणाले. चुलीपाशी सूनबाई दचकली.

पण शेवट? तुम्ही तिला वाचवायला धावलात. हार मिळणार असेल तर फाटक कोणीही उघडील. माझ्यावर जेव्हा जेव्हा कठीण वेळ आली तेव्हा मी तिला आठवलं, ते ती किल्ल्या ठेवून मागं न बघता निघून गेली म्हणून. ते तिच्याकडून काढून घेऊ नका.

आणि तुम्ही त्या रांगेत कधी राहिला नाहीत. आम्ही मागच्या साली तीन दिवस होतो. एक गाडी नंबर सोडून आत गेली तर मागं राहिलेले टाळ्या वाजवत नाहीत. बैल जुंपतात आणि घुसतात! किल्ल्यात एकटा किल्लेदार चिडला होता. इथं चाळीस गाड्यांची आपलीच माणसं तिला शिव्या घालतील. जग बदललंत ना, मग त्या जगात जे होईल ते होऊ द्या.

माझ्यासाठी एवढं करा.
बेबी

धुळे, ता. १० नोव्हेंबर

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद. वि. वि.

पाच वेळा लिहिलं. चार वेळा तिची नोकरी वाचवली. पाचव्यांदा हात आवरला आणि पाप केल्यासारखं वाटलं. गाड्या घुसतात, वजनकाटा बंद पडतो, मॅनेजर तिला काढून टाकतो. ती शिट्टी आणि काठी टेबलावर ठेवते आणि त्याच रांगेच्या कडेनं, सगळ्यांचं ऐकत, चालत जाते. मागं शेडमध्ये तान्हं रडतं. बस.

पक्की प्रत सोबत तुला पाठवतो. पण रांगेतल्या एका तरी माणसानं तिला हात जोडावेत, अशी एक ओळ घालू का? तुझं उत्तर येईपर्यंत ‘मशालजी’ला धाडणार नाही. हीही परत आली तर लेखणी कायमची ठेवीन म्हणतो.

धीर दे.
नाना

एरंडोल, ता. १७ नोव्हेंबर

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

ओळ घालायची नाही. तुमची वाट बघत बसले असते तर तारीख निघून गेली असती, म्हणून आजच सकाळी तुमची पक्की प्रत रजिस्टर टपालानं ‘मशालजी’ला धाडून आले. रागवा.

काल दुपारी कापूस वेचणाऱ्या बाया भाकरी खायला बसल्या तेव्हा मी ती वाचून दाखवली. पुष्पाबाई म्हणाली की तिनं चूकच केलं, रांगेतल्या बाकीच्या गाडीवाल्यांची लेकरं घरी वाट बघत नसतील का. सुंदरबाई तिच्या अंगावरच धावली, तुह्या लेकीला कळा आल्या असत्या तर तू नंबर मोजत बसली असतीस का म्हणे. निम्म्या बाया इकडे, निम्म्या तिकडे. वेचणी राहिली बाजूला! शेवटी सुंदरबाईनं मला विचारलं की ती बाई कोणत्या गावची शे, आपल्या टोळीत एक बाई कमी शे, सोमवारपासून तिला बोलवा. मी म्हटलं, अगं, ही गोष्ट आहे. तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. गोष्ट राहू द्या म्हणे, पण नोकरी गेली, आता ती खाईल काय?

तुमची बेबी

धुळे, ता. २ डिसेंबर

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद. वि. वि.

संपादकांचं कार्ड आलं. गोष्ट घेतली! ते एकदा वाचलं, तुझं पत्र अकरा वेळा. येत्या रविवारी पहिल्या एसटीनं एरंडोलला येतो. सुंदरबाईंना सांग, झुंबरची नोकरी मी घालवली. काय बोलायचं ते मला बोला.

नाना