मे नाही, ऑक्टोबर

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे केराच्या डब्यात टाकणार होतास ना? टाकलं नाहीस, म्हणून तर वाचतोयस. आता पूर्ण वाच. फोन मुद्दामच केला नाही, फोनवर आपलं पहिल्या मिनिटात वाजतं.

अकरा वर्षं झाली. आईच्या शेवटच्या आजारात मी तुला दोन दिवस उशिरा कळवलं, तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि तू दारातूनच मागे फिरलास. आता मी एकसष्टची, तू सदुसष्टचा. अजून किती दिवस गाल फुगवून बसायचं रे?

मी शाळेतून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी नववीच्या वर्गात लाल-पिवळ्या खडूने फळ्यावर ज्वालामुखी काढला, आणि खरा एकदाही पाहिला नाही. तर ऐक. एक बेट आहे, समुद्राच्या तळातून लाव्हा वर येऊन येऊन झालेलं. सपाट जागा म्हणून नाही, नुसते डोंगर. तिथे पायी हिंडायची सहल असते. सात दिवस चालणं, जाऊन-येऊन नऊ. वाटाड्या नाही, टोळकं नाही. कंपनी एक वही देते. अमक्या भिंतीला उजव्या हाताला ठेवा, पांढऱ्या ठिपक्याच्या दगडापाशी वर वळा, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला जातं, आपण फक्त चालायचं. दोघांत वही एकच.

मेच्या पहिल्या आठवड्यात दोन जागा धरून ठेवल्यात. माहितीचा कागद सोबत जोडलाय. हे गेल्यापासून मी एकटीच आहे, पण म्हणून विचारत नाही. मला तूच बरोबर हवा आहेस.

वहिनीला नमस्कार. रागातून थोडी जागा काढून माझ्यावर लोभ ठेव.

तुझीच,
भिंगरी

१८ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाकणारच होतो. तुझ्या वहिनीने ओढून घेतलं. आधी तिने वाचलं, मग डोळे पुसले, मग माझ्यापुढे आपटून म्हणाली की जाणार नसाल तर उद्यापासून आपला आपण स्वयंपाक करा. मला साधा चहा धड जमत नाही. तेव्हा येतो.

एक अट आहे. आईचा विषय काढायचा नाही. काढलास तर वही तुझ्या हातात देऊन मी आल्या वाटेने परत.

दुसरं. तुझ्या कागदात लिहिलंय की चौथ्या दिवसाची वाट थिजलेल्या लाव्हावरून जाते आणि तो दगड बुटांचे तळ कापून काढतो. तिथे तू दुकानातले बूट घालून जाणार? सख्खा भाऊ चाळीस वर्षं बूट शिवतोय आणि बहीण डिंकाने चिकटवलेले बूट घालून डोंगर चढतेय, शोभतं का हे? तुझे बूट मी शिवतो. पण घाई चालायची नाही. चामडं कलबुतावर, म्हणजे त्या लाकडी पावलावर, तीन आठवडे ताणून ठेवायचं, मग हाताने दुहेरी टाके, मग तू ते घालून फिरायचं, मग मी दुरुस्ती करायची. मेमध्ये हे बसत नाही. ऑक्टोबर कर. डोंगर काय पळून जातोय?

पावलांचे आकार काढून पाठव. संध्याकाळी काढ, तेव्हा पाय भरलेले असतात. कागदावर उभी राहा, दोन्ही पायांवर सारखा भार दे, आणि पेन्सिल दुसऱ्याच्या हातात दे. स्वतः वाकलीस की आकार खोटा येतो.

राग आहे, पण माया आटलेली नाही, एवढं समजून असावंस.

तुझा,
दादा

१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येतोस म्हणालास! पत्र घेऊन मी आधी शेजारच्या शिंपीणबाईकडे गेले. तिला वाटलं लॉटरी लागली.

पण दादा, मेच ठेवू या ना. तोवर फुलं असतात, झरे वाहते असतात, हवा स्वच्छ असते. कागदात तसं लिहिलंय. मी दुकानातून चांगले बूट घेते, तू फक्त नजर टाक, हवं तर तळ बदलून दे. ऑक्टोबर फार लांब आहे. आपल्या वयात इतक्या लांबचे बेत करू नयेत. तू हट्टी आहेस हे मला माहीत आहे आणि मला तुझ्याशी पुन्हा भांडायचं नाही. तू नाहीच म्हणालास तर मी ऑक्टोबर म्हणेन. पण एकदा नीट विचार कर, माझ्यासाठी.

आकार सोबत आहेत. शिंपीणबाईने काढले. ती म्हणाली, आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या, पावलं पहिल्यांदाच.

उत्तर लवकर धाड. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मे नाही, ऑक्टोबर. अर्धंमुर्धं काम माझ्या हातून बाहेर जात नाही. कंपनीला कळव. आणि वयाचं मला सांगू नकोस, मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी म्हातारा आहे आणि ठणठणीत आहे.

आकार छान आलेत. डावा पाय अजूनही उजव्यापेक्षा किंचित मोठा. लहानपणी तुझ्या डाव्याच बुटातून अंगठा बाहेर यायचा, आठवतं?

माझीही तयारी चालू आहे. रोज सकाळी पाण्याच्या टाकीच्या दोनशे दहा पायऱ्या चढतो, पाठीवर पिशवीत जुनी कलबुतं भरून. परवा खाली उतरलो तर न्हावी विचारतो, दुकान हलवताय का? म्हटलं, दुकान नाही, मीच हलतोय. तुझी वहिनी म्हणते, अकरा वर्षांत मला असं शीळ घालताना तिने पाहिलं नव्हतं. काहीतरीच.

तब्येतीला जप, चालायचा सराव ठेव, आणि या म्हाताऱ्यावर खूश राहा.

तुझा,
दादा

२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बूट आले. पायात घातले आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. इतके मऊ आणि इतके भक्कम! सोबतच्या चिठ्ठीत तू म्हणालास तसे तीन आठवडे वापरले आणि आता परत पाठवतेय. रोज चौकापर्यंत जाऊन येते.

कंपनीची वहीसुद्धा आली. मी तर पाठच करून टाकली. तिसऱ्या दिवशी सातला निघायचं, कारण अकरानंतर ढग चढतात. जुन्या पाणचक्कीमागून चढण, मग दोन तास झाडीतून, मग झाडी एकदम संपते आणि आपण ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर. तिथून काठाकाठाने एकच वाट आहे, दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील एवढी. तिथे आपण बसायचं. मला तुझ्याशी बोलायचंय. काय ते आत्ता विचारू नकोस.

वहिनीला सांग, तुझी शीळ मला इथवर ऐकू येते. अशीच येत राहो.

तुझीच,
भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बूट पाहिले आणि मला माझीच लाज वाटली. उजव्या बुटाचं नाक पार घासलंय. तळ मी जड केला, दुसरं काय! लाव्हाच्या धसक्याने दोन थर जास्त घातले आणि तुला पाय उचलायला त्रास झाला. तू तोंडाने बोलणार नाहीस, बूट बोलले. नवा तळ लावून हलके करून पाठवतोय. पुन्हा महिनाभर घाल. आता चूक राहिली तर आरी खाली ठेवीन आणि भाजी विकीन.

कशाबद्दल बोलायचंय ते मला कळतं. अट आठवते ना? पण काठावर बसून तू काय बोलतेस ते ऐकून घेईन. उत्तर देईनच असं नाही.

चूक पदरात घे, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

२४ ऑगस्ट

भिंगरी,

आज आशीर्वाद मागाहून. बूट आले, सोबत चिठ्ठी नाही. मी ते कामाच्या पाटावर ठेवून दुपारभर बघत बसलो.

जो माणूस चालतो त्याची टाच आधी झिजते. तुझ्या दोन्ही टाचा कोऱ्या आहेत. चवडा कोरा आहे. फक्त नाक घासलंय, आणि आता उजव्याचंच नाही, डाव्याचंही. तळाचा यात काही दोष नाही. पाय उचलत नसला, फरफटत असला, की बूट असा दिसतो. चाळीस वर्षांत अशी गिऱ्हाइकं मी पाहिलीत.

आणि नाडीची गाठ तुझी नाही. समोर बसून दुसऱ्याने बांधलेली गाठ उलटी पडते.

काय झालंय? खरं लिही. तुझ्या वहिनीला मी अजून काही बोललो नाही.

दादा

३१ ऑगस्ट

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

लपवून काय उपयोग, बुटांनीच चुगली केली.

जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं. नसांचा आजार आहे, औषध नाही. आधी पाय जातील, मग हात. त्यापुढचं मी विचारलं नाही. म्हणाले, काय चालायचं ते उन्हाळा संपायच्या आत चालून घ्या. त्याच संध्याकाळी मी तुला पत्र लिहायला बसले. ते पेटीत टाकायला तीन आठवडे लागले, एवढी मी भित्री.

तू विचारशील, सांगितलं का नाहीस? सांगितलं असतं तर तू धावत आला असतास. पण ते माझ्या दुखण्यासाठी आला असतास. दया आली म्हणून आलेला भाऊ मला नको होता रे. मला माझा रागीट दादा हवा होता, आणि त्याचा राग चालता चालता उतरायला हवा होता. म्हणून तर बेट निवडलं. तिथे एकच वाट, मागे-पुढे कुणी नाही, आणि वही माझ्या हातात. दार आपटून जायला तिथे दारच नाही. त्या काठावर बसून मी तुझी अट मोडणार होते. आता इथेच मोडते.

आईच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस तरी आहेत. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती. मला वाटलं, दोन दिवसांत पेपर संपतात, मग तुला नीट बोलावून घेते, तुझीही कामं अडकायला नकोत. तेवढंच कारण. त्यात कपट नव्हतं. ती शेवटी तुझं नाव घेत होती, हेही मी तुला सांगू शकले नाही, कारण तू दारातच वळलास. अकरा वर्षं ते माझ्या घशात अडकून आहे.

मेमध्ये मी काठी न घेता बाजारापर्यंत जात होते. दुसऱ्या खेपेचे बूट शिंपीणबाईने रोज घालून दिले, मी खुर्चीपासून दारापर्यंत जायची, तिला धरून. पंधरा दिवसांपासून तेही नाही. बूट चांगलेच होते, दादा. तुझी चूक काही नव्हती.

मला तो ज्वालामुखी बघायचा होता. फार बघायचा होता.

रागावू नकोस आणि मला टाकू नकोस.

भिंगरी

५ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
लाख आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवायला गेलो, दोन ओळींत आवाज बसला. मग तिने वाचलं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

चूक माझी नव्हती म्हणतेस. मेमध्ये तू चालत होतीस. मेमध्ये आपण त्या काठावर बसलेलो असतो, तू हात करून मला सगळं समजावून सांगत असतीस, शाळेत सांगायचीस तसं. तू हात जोडून मे मागितलास आणि मी टाक्यांची नि चामड्याची फुशारकी मारत ऑक्टोबर ऑक्टोबर करत बसलो. मला वाटलं, वेळ आहे.

त्या वेळी तूही दारात मला हेच म्हणाली होतीस, वाटलं वेळ आहे. आणि मी ओरडलो होतो की असं कुणाला वाटतं का? वाटतं ग. मलाही वाटलं. तुझे पाय धड होते ती अकरा वर्षं मी फुगून बसून घालवली, वर मेही घालवला. मला क्षमा कर. मी मोठा आहे, तरी पाया पडून सांगतो.

कंपनीला आपण येत नाही म्हणून कळवलंय. तुझ्यासाठी घरात घालायचे बूट शिवायला घेतलेत. आतून लोकर, बाजूने पूर्ण उघडणारे, म्हणजे पाय न उचलता कुणालाही घालून देता येतील. चामडं अजून ओलं आहे. पंधरा दिवसांत हातावेगळे होतील, ते घेऊनच येतो. तुझी वहिनीही येईल. मग आम्ही जात नाही.

जीव लावून राहा.

तुझा,
दादा

९ सप्टेंबर

दादा,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. बोटांत पेन ठरत नाही.

क्षमा कसली मागतोस? तू आईच्या वेळचं समजलास, माझ्या घशातला दगड गेला.

पण बूट नकोत. चामडं ओलं असेल तर ओलंच राहू दे. पंधरा दिवस म्हणू नकोस, आठ म्हणू नकोस. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी काम आहे तसं पाटावर टाकून नीघ. किल्ली शिंपीणबाईकडे आहे.

भिंगरी