बंद दारापुढची रोझरी

येशूची स्तुती असो

उमापूरजवळची वस्ती, ता. गेवराई
२ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सत्यशीलाआक्कास,
शहादेवचा सा. न. वि. वि.

ट्रॅक्टरवाला हरिओम उद्या तुमच्या कारखान्याकडे निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. परवा फोन केला होता. दाजींनी उचलला. मी पहिल्याच शब्दावर अडकलो, तोवर ते हॅलो हॅलो करीत राहिले आणि रेंज गेली म्हणून ठेवून दिला. दाजींचा राग नाही. लिहिताना मी अडत नाही, म्हणून पत्रच बरं.

आज मृतांचा दिवस. आईच्या कबरीवरचं गवत काढलं आणि तुझ्या नावाची मेणबत्ती लावली. वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली. दरवर्षी तिथं पाय ठेवायला जागा नसते. या वेळी मी, शेजारच्या वच्छलामावशी आणि रामकिसनबाबा, एवढेच होतो. बाकी वस्ती तुमच्यासारखीच वेगवेगळ्या कारखान्यांवर ऊस तोडायला.

जाताना तू मारियामातेची मूर्ती माझ्याकडे दिलीस आणि बजावलंस, की रोज संध्याकाळी एकेका घराच्या ओट्यावर रोझरीची जपमाळ व्हायलाच पाहिजे, दाराला कुलूप असलं तरी घर वगळायचं नाही. मी वगळलेलं नाही. ओटा झाडतो, मूर्ती उंबऱ्यावर ठेवतो, मेणबत्ती लावतो. त्यापुढं मात्र गाडी जात नाही. प्रत्येक 'नमो मारिये' तू सुरू करायचीस आणि 'पवित्र मारिये' हे उत्तर आम्ही सगळे मिळून द्यायचो. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज कधीच अडला नाही. पण सुरुवात करायला एकट्यानं तोंड उघडलं की तो पहिला 'न' दातांमागं बसून राहतो. मग मी मनातल्या मनात म्हणतो आणि दोघं म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

फादर सांगून गेले आहेत, की वस्तीत प्रार्थना टिकली तर नाताळची मिस्सा-उपासना आपल्या प्रार्थनाघरात करू, नाहीतर सगळ्यांनी तिकडं मिशनच्या चर्चमध्ये यायचं. मावशीचे गुडघे तिला मिशनापर्यंत नेणार नाहीत. माझ्या तोंडापायी वस्तीची मिस्सा जाईल, ही काळजी झोपू देत नाही. दुसऱ्या कुणाला तरी हे काम सांग. कुणाला सांगशील, तेही मला सुचत नाही.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा भाऊ,
शहादेव


कारखान्याचा तळ
१२ नोव्हेंबर

चि. शहादेवास,
आक्काचे अ. उ. आ.

तुजं पत्र हरिओमनं दिलं. अक्षर पाहूनच पोट भरलं. माझ्या अक्षराला हसू नको, कोयता धरून बोटं वाकडी झालीत.

तुझ्या दाजीला मी लई बोलले. म्हणलं, रेंज न्हाई गेलती, माझा भाऊ व्हता तो. ते म्हणले, मंग बोलला कावून न्हाई? काय सांगावं या माणसाला!

आता तुला सांगते. वच्छलामावशीच्या कानाशी फटाका फोडला तरी ती विचारती, कोण आलं? अन् रामकिसनबाबाला दुसऱ्या मण्याला डुलकी लागती. यांच्यापुढं तुला लाज कशाची रे? बामनाच्या सभेत भाषण करायलास का काय? अडकलास तर अडकून बस. मूर्ती काय उठून चालली न्हाई. दुसरं कुणी न्हाई माझ्याकडं. तूच हाय.

इथं तळावर आपलं एकच घर. सांजच्याला पाचटाच्या कोपीच्या दारात बसून मी रोझरी म्हणते. अर्धं म्हणलं की गप ऱ्हाते, सवयीनं. शेजारची बाई इचारती, कुणाची वाट बघायलीस? तुझे दाजी तवर घोरायला लागत्यात. दिसभर मोळ्या वाहून माणूस मरून जातंय, त्यांना तरी काय म्हणू.

जेवत जा येळेवर. शेळीचं दूध सगळं इकू नको, थोडं पीत जा. जीव लावतोस तसा लावत ऱ्हा.

तुजी आक्का


वस्ती
३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं अडकून बसलो. त्यातून जे झालं ते ऐकून तू हसशील.

मावशीला ऐकू येत नाही म्हणून ती माझ्या ओठांकडे बघते. माझा 'न' अडला, की ओठ थांबतात. तिला वाटतं माझी अर्धी प्रार्थना संपली. लगेच ती मोठ्यानं 'पवित्र मारिये' सुरू करते, बाबा दचकून जागे होतात आणि तिला साथ देतात. त्यांच्याबरोबर माझाही आवाज मोकळा होतो. अशी अख्खी माळ आम्ही ओढतो. सुरुवात एकही पूर्ण होत नाही, उत्तरं मात्र सगळी खणखणीत.

मला प्रश्न पडला आहे, की ही रोझरी देवाघरी धरली जाईल का? मावशीला खुणेनं विचारलं. ती म्हणाली, पोरा, इतक्या वर्षांत एवढी भरभर रोझरी कुणी घेतली नाही, तुझ्या आक्कापेक्षा तू चांगला. मी तिला खरं सांगितलं नाही. फादरांना विचारायचं तर तिथंही बोलावंच लागेल.

काल तुझ्या ओट्याची पाळी होती. कोळ्यांची जाळी झाली होती, ती काढली. तुझी तुळई वाळवीनं धरली आहे, रॉकेल मारलं. तू असतीस तर चहा झाला असता. आठवण ठेव, मी ठेवतोच.

शहादेव


तळ
९ डिसेंबर

चि. शहादेवास,
अ. उ. आ.

मी इतकी हसले की मोळी डोक्यावरून पडली. मुकादम वरडला. मी त्याला काय सांगू, की आमच्या गावात रोझरी उलटी चाललीय?

धरली जाती का न्हाई ते मला बी ठावं न्हाई. फादरला चिठ्ठी लिही. पण बंद करू नको. नाताळाला आमाला सुट्टी न्हाई, कारखाना चालूच ऱ्हातो. त्या दिवशी आपल्या प्रार्थनाघरात मिस्सा चालू हाय, एवढं डोक्यात असलं तरी माझा कोयता चालंल.

मावशीला माझा मुका सांग. परकी समजू नको मला.

तुजी आक्का


वस्ती
२२ डिसेंबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मावशीपर्यंत पोचला नाही. थंडीनं तिचा दमा वाढला, म्हणून मुलगा येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. रिक्षात बसतानाही ती माझ्या ओठांकडे बघत होती. रामकिसनबाबांना त्यांच्या लेकीनं नांदूरघाटला नेलं.

मी रोज मूर्ती घेऊन जातच राहिलो. आणि आक्का, एकटा असलो की माझा 'न' अडतच नाही. सुरुवात सरळ येते, पाण्यासारखी. मग मी थांबतो आणि उत्तर येत नाही. पलीकडे शेळ्या तेवढ्या ओरडतात. ह्यापेक्षा अडत होतो ते बरं होतं.

काल वच्छलामावशीच्या दारापुढं बसलो होतो. कुलपाकडे बघून 'नमो मारिये' म्हटलं आणि पाठीमागून कुणीतरी उत्तर दिलं. वळून पाहिलं तर फादर. मोटरसायकल लांब लावून चालत आले होते. झालं, पुढचा 'नमो' अडकून बसला. फादर ओट्याच्या कडेला टेकले आणि टोपी मांडीवर ठेवली. मला वाटलं, ते तरी माझं वाक्य पूर्ण करतील. त्यांनी केलं नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही. शेवटी शब्द आला. मग ते उत्तरले. अशी सगळी माळ झाली. मेणबत्ती मध्येच संपली, दुसरी लावावी लागली.

उलट्या रोझरीचंही विचारलं. ते बराच वेळ हसले, आणि म्हणाले, की म्हातारीनं अर्ध्यावर उचललेली प्रार्थनासुद्धा प्रार्थनाच.

पण मिस्सेचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. इथं यंदा होणार नाही. नाताळात त्यांना एवढी गावं गाठायची आहेत, एका माणसासाठी ते त्या वेळी येऊ शकत नाहीत. तुझ्या डोक्यातलं प्रार्थनाघर यंदा बंद राहील.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. गाडी सुरू करून ते म्हणाले, मिशनात नाताळच्या मिस्सेआधी रोझरी असते, सगळ्या गावांची माणसं असतात, सुरुवात तू करशील का? विचार कर आणि फोनवर कळव.

फोनवर, आक्का!

मी तिथंच तोंड उघडलं. शब्द आला नाही. फादरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी बंद केली. रस्त्यावर कुणी नव्हतं. ते हँडलवर हात ठेवून थांबले, मीही थांबलो, आणि मग मी हो म्हणालो.

दाजींना नमस्कार. माझ्यासाठी मागणं कर, माया तर तू करतेसच.

तुझा भाऊ,
शहादेव