बांगडा आणि उपवासाचं रताळं

प्रिय किशोर,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. अंगणवाडीची नोकरी सुटल्यापासून एवढं लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर वाकडंतिकडं झालं तर चालवून घे. सारिकाचा फोन आला होता. तू दुकानातली नोकरी सोडलीस हे मला सुनेकडून कळावं याचा आधी राग आला, पण पुढचं ऐकलं आणि राग कुठल्या कुठे गेला. ताटावर बसतोस आणि तसाच उठतोस म्हणे. लहानगा स्वराज अंगावर पडायला आला तरी त्याच्याकडे बघत नाहीस. आणि परवा गॅलरीत उभा राहून तिला म्हणालास, बाबांना मी मारलं. मी घाबरले रे. उगाच धीराचा आव आणत नाही, घाबरले. म्हणून आज तुला त्या एअर फ्रायरबद्दल लिहायचं आहे. नाव वाचूनच तू कागद बाजूला टाकशील हे मी ओळखून आहे. टाकू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय फाडायचं ते फाड.

शिमग्याला तो खोका घेऊन आलास ते आठवतं? वीर स्टेशनपासून रिक्षा, महाडहून एसटी, पोलादपूरहून जीप आणि शेवटची चढण खांद्यावर घेऊन. मला वाटलं, नवा टीव्ही आणला पोराने. ओटीवर अर्धी वाडी जमली आणि तू दुकानात गिऱ्हाइकाला सांगतोस तसा एका दमात सुरू झालास. नऊ लिटर, दोन बास्केट, चोवीसशे वॅट, दोनशे डिग्री. मी विचारलं, लिटर कशाला, यात दूध तापवायचंय का? तू हसलास आणि म्हणालास, लिटर म्हणजे पोटातली जागा, प्रत्येक खणात साडेचार. शेजारच्या ठकूबाईने पुढचा प्रश्न टाकला, "तेलच नाय तर तलनार कशात गो?" तेव्हा तू खण ओढून दाखवलास. वर तापणारी तार, तिच्यावर पंखा, तो गरम वारा खाली ढकलतो आणि त्या वाऱ्याने पदार्थ होतो. मग भाजतो म्हण ना मेल्या, तळतो कशाला म्हणतोस, असं मी म्हटल्यावर बाबा हसले. हसले आणि खोकले नाहीत. मला ते फार बरं वाटलं होतं.

आणलंस ते त्यांच्यासाठीच. औद्योगिक वसाहतीतल्या शिफ्टांनी फुप्फुसं आकसली की विड्यांनी, हे कुठल्याच डॉक्टरने धड सांगितलं नाही. महाडहून भाड्याने आणलेल्या ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेला माणूस, कढईतला धूर घरात फिरला की जीव घाबरा व्हायचा, आणि मासा तर हवाच. तुझ्या यंत्राने धूर गेला, मासा राहिला. त्याबद्दल तुला एकदा शाबासकी द्यायची राहून गेली ती आता देते.

भांडण होतं ते माझंच, त्या दोन खणांशी. माझा सोमवार. एका यंत्रात शेजारी शेजारी बांगडा आणि उपवासाचं रताळं, हे मला काही पटेना. तू फोनवर परोपरीने समजावलंस की दोन्ही खणांची तार वेगळी, पंखा वेगळा, मध्ये भिंत आहे, इकडचा वारा तिकडे जात नाही. मी म्हटलं, एका छपराखालच्या दोन खोल्यांत वास जात नाही असं कधी झालंय का? सोमवारी मी आपलं चुलीवर रताळं उकडायचे. बाबांना मात्र सगळं एका बैठकीत समजलं. जन्मभर कारखान्यात यंत्रांच्या पॅनलसमोर बसलेला माणूस, बटणं दिसली की चेहरा उजळायचा. त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन खणांत दोन पदार्थ, एकाला वेळ जास्त, एकाला कमी, तरी दोन्ही एकदम संपतात. कमी वेळाचा खण आधी गप्प बसून राहतो आणि आपली वेळ आली की सुरू होतो. "शिफ्ट सुटल्यागत दोगं एकदम भायर," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

ते गेले तो सोमवारच. मे महिना, घरात भट्टी पेटल्यासारखी हवा. सकाळपासून मागे लागले की आज तुझं रताळं आणि माझा बांगडा बरोबरच होऊ दे, एकदा तरी एका वेळेला जेवू. मी बरीच कुरकूर केली. पण कितीतरी दिवसांनी त्यांनी तोंडाने काही मागितलं होतं, मला नाही म्हणवेना. मनात शंकराची क्षमा मागितली आणि दोन्ही खण भरले. नळीसकट चालत स्वयंपाकघरात आले, बटणं त्यांनीच दाबली. मग म्हणाले, ठकूकडून लिंबू आण. "घाई नको करू गो, दोनी व्हायला येल हाय." मी गेले. ठकूबाईने पोरीच्या सोयरिकीचं पुराण काढलं आणि मी तिच्या पायरीवर टेकले. परत आले तेव्हा ओटीवर पाऊल टाकायला आणि स्वयंपाकघरातून त्या यंत्राचं टीं-टीं वाजायला एकच गाठ पडली. झालं बघा हो, असं मी बाहेरूनच ओरडले. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज येत नव्हता.

पुढचं तुझ्या समोरच झालं. मुंबईहून आलेल्या भावकीतल्या शिकलेल्या मंडळींनी तिरडी उचलायच्या आधी ओटीवरच हिशेब लावला. चोवीसशे वॅटचं धूड, घरातली जुनी वायर, उन्हाळ्यात आधीच मेलेला विजेचा दाब. लोड आला, लाईट लपकन गेली, ऑक्सिजन बंद पडला, लाईट परत आली तरी तो आपोआप सुरू झाला नाही. मी पलीकडे बायकांत बसले होते, तुझा चेहरा मला दिसला नाही. पण स्मशानातून आल्यावर तू स्विचबोर्डसमोर उभा होतास. दिवसभर गिऱ्हाइकांना वॅट आणि अँपिअर समजावणारा मुलगा आपल्या घरची वायर बघायला विसरला, हेच तुझ्या मनात घोळत असणार. वाडीतल्या बायकांचं म्हणणं आणखी वेगळं. सोमवारी उपासाचं आणि माशाचं एका यंत्रात घातलं, देवाने दाखवून दिलं. आणि खरं सांगू? मला हेच पटलं होतं. मी ते यंत्र गोधडीत गुंडाळून माळ्यावर ढकललं आणि त्या बाजूला बघायचं सोडलं. तुला एका शब्दानेही दोष दिला नाही रे मी, मनातसुद्धा नाही. मी मलाच खात होते.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. भात झोडायला ठकूबाई मदतीला आली होती. तुला माहीत आहे, मयत झालं की त्या घरातलं शिजलेलं अन्न कोणी तोंडात घालत नाही, पाण्यासकट सगळं बाहेर ओतायचं. त्या दिवशी ते काम तिनेच केलं होतं, मला भान कुठलं असायला. झोडता झोडता तिला काय आठवलं कोण जाणे, म्हणाली, "दोनी खन मीच उपडं केलं गो. बांगडा काय खरपूस झालेला! नि रतालं पन मऊ, बोट लावलं का फुटत होतं. टाकवत नव्हतं बग." एवढं बोलून ती पुढची पेंढी उचलायला वाकली. मी तिथेच खळ्यात बसले. तिला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने बसले.

लाईट मध्येच गेली असती, तर बांगडा खरपूस कसा झाला? हा एकच प्रश्न घेऊन मी घरी आले. माळ्यावरून यंत्र काढलं. पुस्तकात मराठी नाही, हिंदी पानं लावून लावून वाचली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून चांगू वायरमनला बोलावलं. त्याला म्हटलं, हे वापरायचं आहे, लाईट गेल्यावर काय होतं ते मला दाखव. त्याने दोन्ही खणांत रताळ्याच्या फोडी घातल्या, एकाला वेळ जास्त, एकाला कमी देऊन दोन्ही एकदम संपतील असं लावलं आणि अर्ध्यात मेनचा खटका खाली ओढला. लगेच वर केला. बल्ब लागला, फ्रीज गुरगुरायला लागला. पण हे यंत्र काळं ठिक्कर. आकडे गेले, पंखा बंद. त्याला मागचं काही आठवत नाही किशोर, पहिल्यापासून सगळं हाताने लावावं लागतं. आम्ही परत करून पाहिलं, तेच झालं. फोडी एका खणात अर्ध्याकच्च्या, दुसऱ्यात तर तापल्यासुद्धा नव्हत्या. चांगू म्हणाला, "काकी, लाईट गेली का ह्याचा खेळ खलास. मंग वाजनार बी नाय नि शिजवनार बी नाय."

आणि मी तर त्याला वाजताना ऐकलं होतं. दुकानात तू हे शंभर लोकांना सांगितलं असशील, तुला पुढचं सांगायला नको. त्या दुपारी लाईट गेलीच नव्हती. पापणी लवण्याएवढीसुद्धा नाही. तुझ्या चोवीसशे वॅटनी आपल्या जुन्या वायरवर आपलं काम नीट केलं आणि शेजारी ऑक्सिजनचं यंत्रही चालूच राहिलं असतं. शिवाय लाईट गेली की ते यंत्र किती केकाटायचं आठव, गुरं बुजायची. त्या दिवशी ठकूबाईच्या पायरीपर्यंत हूं की चूं आलं नाही. ते केकाटत नाही फक्त एका वेळी, कोणी हाताने बटण दाबून बंद केलं तर.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी आत गेले तेव्हा नळी त्यांच्या नाकात नव्हती, खाली लोंबतही नव्हती. नीट वेटोळं करून खुंटीला अडकवलेली होती. जीव गुदमरलेला माणूस नळी ओढून फेकेल, वेटोळं घालून टांगणार नाही. हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि मनाने परतवून लावलं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना उचलून बसवताना माझी पाठ धरली होती. तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले होते, "बांधल्याला गुराला किती दिस राखशील गो?" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. मला वाटलं, विषय संपला.

आता भावकीत यातलं काही बोलू नकोस. लोक म्हणतात यंत्राने घेतला, म्हणू देत. यंत्राला काय, त्याला अब्रू थोडीच असते. सारिकाला सांग, तिला कळायला हवं. तुला बाबांचा राग येईल. येऊ दे. मलाही येतो, अगदी तळपायापासून येतो. जायचंच होतं, तर माझ्यादेखत जायचं होतं, माझा हात धरून. मला दोन्ही खणांच्या नादी लावून, लिंबाच्या निमित्ताने घराबाहेर काढून नव्हे. ते मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करीन असं वाटतही नाही. म्हणून हे पत्र, किशोर. बाबांना तू मारलं नाहीस. ते स्वतः उठून गेले, आणि मला विचारलं नाही. तू गॅलरीत उभा राहतोस हे सारिकाने सांगितल्यापासून मी फोन उशाशी घेऊन बसते, कारण न विचारता जाणारा माणूस दिसतो कसा हे मला आता कळलं आहे. तो हसतो, बटणं दाबतो आणि तुम्हाला कुठेतरी पाठवतो. या पत्राच्या मागोमाग मी येते आहे, चांगू वीरपर्यंत सोडतो म्हणाला. तोवर एवढंच कर, पत्र वाचलंस की मला फोन लाव. बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस, मीही काही विचारणार नाही. नुसता तुझा श्वास ऐकू आला तरी मला पुरे आहे.

तुझीच,
आई