सरकीची सात घरं

आष्टी, ता. परतूर
रविवार, ८ डिसेंबर १९७४

ती. दादास,

बेबीचा सविनय जयभीम. वि. वि. मी खुशाल आहे. मालन वहिनीने पाठवलेली कारळाची चटणी पोचली. निम्मी शाळेतल्या बायांनीच संपवली, तेव्हा वहिनीला म्हणावं, पुढच्या वेळी डबा मोठा घ्या.

पत्रास कारण असं की मी मांजर पाळलं आहे. वाचून कपाळाला हात लावशील. तो लावून घे आणि मग पुढे वाच. शाळेत पोरांना वाटायच्या सुकडीच्या पोत्यांमागे पिल्लू सापडलं. आईचा पत्ता नाही, दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले. शिपाई त्याला ओढ्यात सोडायला निघाला होता. मी त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि पदरात गुंडाळून वर्गावर गेले. सबंध तास ते पदरात ओरडत होतं आणि पोरं बाराचा पाढा विसरली. दुसऱ्या दिवशी परतूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले की जीव वाचेल, पण डोळे गेले, ते आता यायचे नाहीत.

तर मांजर आंधळं आहे, हे सरळ सांगून टाकते. मी बोरिकच्या पाण्याने त्याचे डोळे पुसते आणि कापसाची वात दुधात भिजवून चोखायला देते. रंग करडा, वर पांढरी लव, म्हणून नाव ठेवलं सरकी. तू जिनिंगमध्ये दिवसभर सरकीच मोजतोस, तेव्हा तुला आवडायला हरकत नाही.

घरमालकीण द्वारकाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या की आंधळं जनावर दारात बरं न्हाई, सोडून या. मी सांगितलं की मग माझीही वळकटी बांधते. त्यांनी बांधायला लावली नाही. मीही बांधली नाही.

शिवकन्येला गोड पापा. कळावे, लोभ आहेच, त्यात आता एका मांजराचाही वाटा धरावा.

तुझी बेबीनंदा


जालना
१५ डिसेंबर १९७४

चि. बेबीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून खरंच कपाळाला हात लावला. मालन हसत होती, मला हसू आलं नाही.

तुला ती खोली कशी मिळाली ते आठव. हेडमास्तरांनी चार वेळा शब्द टाकला तेव्हा कुठे गावातलं एक घर आपल्या माणसाला खोली द्यायला तयार झालं. जालन्यात मी तीन खोल्या बदलल्या, का ते तुला सांगायला नको. या चौथ्या खोलीत निवांत आहे, कारण तोंड बंद ठेवून राहतो. द्वारकाबाईंना तुला काढायला निमित्तच हवं असेल, तर ते तू पदरात घालून घरी आणलंस. मांजराचं काय एवढं? कुणा शेतकऱ्याच्या गोठ्यात नेऊन सोड. तिथे उंदीर मिळतील.

रागावू नकोस. तुझ्या काळजीने लिहितो आहे. थंडी वाढली आहे, शाल वापरत जा. पोस्टाने चटणी पाठवतो आहे, डबा मोठा आहे. कळावे, माया आहे तशीच राहो.

तुझा दादा
सर्जेराव


आष्टी
२० डिसेंबर १९७४

ती. दादास,

सविनय जयभीम. आंधळ्या मांजराला उंदीर कसे मिळतील, ते कळवावे.

सरकी आता खोलीत कुठेही न धडकता फिरते. वाटीवर नखाने टिकटिक केली की माझ्याकडे सरळ येते, दुसऱ्या कुणी केली तर जागची हलत नाही. आणि ऐक, ती उंबरा ओलांडून द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात जायला लागली आहे. द्वारकाबाई तिला हाकलत नाहीत, उलट साय देतात. दादा, मला या घरात चौदा महिने झाले. बाई मनाने वाईट नाही. मला ताप आला तेव्हा काढा तिनेच करून दिला, पण वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि बाजूला झाली. पाणी अजून वरून ओतते. मांजराला जात विचारत नाहीत, माझी न विचारताच ठाऊक आहे.

मी सरकीला सोडणार नाही. तोंड बंद ठेवायचा माझा स्वभाव नाही, आणि पगार तर पोरांना शिकवताना तोंड उघडण्याचाच मिळतो. कळावे, राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझी बेबीनंदा


आष्टी
सोमवार, ६ जानेवारी १९७५

ती. दादास,

सविनय जयभीम. वि. वि. परवा जे झालं ते सगळं लिहिते, पुरतं वाचल्याशिवाय वहिनीला काही सांगू नकोस.

इकडे अशी समजूत आहे की मांजरी पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवते आणि मगच त्यांचे डोळे उघडतात. द्वारकाबाईंनी मनाशी ठरवलं की सरकीची आई मध्येच गेली, घरं अपुरी राहिली, म्हणून डोळे मिटलेले. मी दहादा सांगितलं की डोळे आतूनच गेले आहेत. त्या म्हणाल्या की तो डॉक्टर बैलांचा, त्याला मांजरातलं काय कळतं. शनिवारी माझी सकाळची शाळा. तेवढ्यात बाईंनी सरकीला ओच्यात घातलं आणि आळीतली सहा घरं फिरवून आणली. सातवं घर स्वतःचं, म्हणून तिला स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. सहा घरांच्या आवाजांनी पिल्लू भेदरलेलं. ते सरळ उतरंडीच्या मागे घुसलं आणि भिंत व मडक्यांच्या मध्ये अडकलं.

मी आले तेव्हा ओरडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. द्वारकाबाई वाटीवर टिकटिक करून थकल्या होत्या. शेजारच्या केशरबाई दारात उभ्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरून टिकटिक केली, पण आवाज लांबून येत असल्याने सरकीला दिशा कळेना, आणि ती हलली की वरची मडकी डुलायची. द्वारकाबाई म्हणाल्या की जल्दी आत या अन् काढा तिला.

दादा, मी आत गेले नाही. मी विचारलं की आज मांजरासाठी आत या म्हणता, उद्या माझ्यासाठी म्हणाल का? उद्याही यायचं असेल तर येते, नाहीतर माझा पाय इथेच बरा आहे. त्या चिडून म्हणाल्या की आधी आत या, मंग भांडा. मी नाही म्हटलं. पिल्लू जिवाच्या आकांताने ओरडत होतं, आणि माझ्या हट्टापायी ते मडक्याखाली मरेल या भीतीने मला रडू फुटत होतं. तरी मी उंबरा ओलांडला नाही. हे क्रूर वाटलं तर वाटू दे, मलाही वाटलं.

मग त्या स्वतःच उतरंड उतरवायला लागल्या. एक एक मडकं खाली ठेवत होत्या, तसं पिल्लू आणखी आत सरकत होतं. शेवटी कमरेला हात लावून त्या खाली बसल्या आणि केशरबाईंच्या देखत म्हणाल्या की उद्या या, परवा या, रोज या, बिलकुल अडवणार न्हाई, पण आता त्या लेकराला काढा.

मी आत गेले. एकदा टिकटिक केली आणि सरकी माझ्या हातात आली.

केशरबाईंनी संध्याकाळपर्यंत गावभर केलं. द्वारकाबाईंचे दीर येऊन म्हणाले की मडकी बाटली, फोडून टाका. बाईंनी विचारलं की नवी तुम्ही आणून देता का? ते गेले. काल सकाळी न बोलावता मी स्वयंपाकघरात गेले. शब्द खरा की वेळेपुरता, ते पाहायचंच होतं. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, एक पाट सरकवला आणि मेथीची जुडी निवडायला दिली. सरकीचे डोळे उघडले नाहीत म्हणून त्या अजून हळहळतात.

आता रागाव. कळावे, लोभ असेल तर ठीक, नसेल तरी मांजर इथेच राहील.

तुझी बेबीनंदा


जालना
१९ जानेवारी १९७५

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी घाम फुटला. चौथ्या वेळी मालनला मोठ्याने वाचून दाखवलं.

एक कबुली देतो. बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावली आहे असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. इथे आलो तेव्हापासून, चार वर्षं, ती पेटीत होती, कपड्यांच्या तळाशी. मागच्या रविवारी मी ती काढली, पुसली आणि पुढच्या खोलीत दारासमोर खिळा ठोकून लावली. शिवकन्येने विचारलं की बाबा, ही इतके दिवस पेटीत का होती? मान खाली घालून मी हातोडी जागेवर ठेवली.

काल घरमालक आले होते. दारात उभे राहिले, तसबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी बसा म्हणालो. ते बसले नाहीत, येतो म्हणून गेले. मालनने रात्री विचारलं की उतरवायची का? मी नाही म्हटलं, आणि तिने दुसरा खिळा आणून दिला, पहिला जरा हलत होता.

पुढे काय होईल ते होवो. खोली गेलीच, तर आम्ही तिघं आष्टीला येतो. तोवर सरकीला विचारून ठेव, तिच्या खोलीत आपल्याला जागा आहे का. कळावे, तुझ्यावर लोभ होताच, आता थोडा अभिमानही धरून घ्यावा.

तुझा दादा
सर्जेराव