मुठीतलं मीठ

बाई,

आज सकाळी सोसायटीच्या जॉगिंग ट्रॅकवर सहा फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले. ट्रॅक लाल रबराचा आहे, कडेने बाकं आहेत, आणि कितीही पळलं तरी माणूस निघाला तिथेच परत येतो. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, "घाण्याला जुंपलंय का गं तुम्हाला?" आणि गंमत म्हणजे ही सोसायटी बाळकुमात आहे, जिथे तुम्ही आम्हाला भातशेताच्या बांधांवरून पळवायचात. आमच्या इमारतीखाली नेमका कोणता बांध गेला असेल, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकातल्या ठाण्यात, मुलींच्या शाळेत, पी.टी. म्हणजे लेझीम आणि कवायत. तुम्ही आलात आणि दर शनिवारी सकाळी आम्हाला शाळेच्या फाटकाबाहेर काढलंत. माजिवडा, बाळकुम, ढोकाळी, तिथून कोलशेतच्या खाडीवरचं मिठागर आणि परत. हा रस्ता कुठल्या नकाशावर नव्हता, तो तुम्ही पायी चालून तयार केला होतात. दिवाळीची सुट्टी संपली की तुम्ही एकट्याच जायचात, ज्या ज्या अंगणातून आम्ही पळणार त्या घराच्या ओटीवर बसायचात आणि विचारायचात, "माझ्या मुली इथून जातील, चालेल ना?" एकदा मला बरोबर नेलंत, बाळकुमपर्यंत. तिथले एक म्हातारे शेतकरी ओटीवर पाय हलवत बसले आहेत. ते म्हणतात, "पोरींना हाफपँटीत पलवनार? गाव काय बोलंल?" तुम्ही चहाची बशी खाली ठेवता. "गाव बोलेल तेव्हा बोलेल, काका. तुम्ही तेवढा सकाळी कुत्रा बांधाल का?" म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे प्रत्येक शनिवारी तो साखळी हातात धरून उभा असायचा, आणि कुत्र्यापेक्षा तोच जास्त ओरडायचा, "पल गो पोरी, पल!" तेव्हा मला तुम्ही कडक वाटायचात. आज वाटतं, एवढ्या घरांना "हो" म्हणायला लावणं हे पळण्यापेक्षा केवढं तरी अवघड काम होतं, आणि ते तुम्ही साध्या इस्त्रीच्या सुती साडीत, कॅनव्हासचे बूट घालून करून आलात. मला जन्मात जमलं नसतं.

वाटेत नजर ठेवायला तुमच्याकडे माणसं नव्हती. म्हणून मिठाचा नियम. मिठागरावरच्या झोपडीत एक आजी राखणीला असायची. तिने राशीतलं खडेमीठ आमच्या हातावर ठेवायचं, आम्ही मूठ मिटून शाळेत यायचं आणि तुमच्यासमोर उघडायची. स्वतःच्या हाताने घ्यायचं नाही, आजी देईल तेवढंच. घामाने मीठ विरघळायचं, तळवा चुरचुरायचा. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मूठ उघडली की आधी फुंकर मारायची.

जिल्ह्याच्या शर्यतीला सहाजणी जाणार होत्या, आणि शनिवारच्या वेळांवरून निवड होती. मी तेव्हा कळव्याला राहायचे. पुलावरून चालत शाळेत पोचेपर्यंतच निम्मी दमलेली असायचे. पण सहात यायचंच होतं, वेड लागल्यासारखं. पहिल्याच शनिवारी दप्तरातली मिठाची पुडी रुमालात बांधून निघाले, मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिले आणि ढोकाळीहूनच मागे वळले. घरचंही मीठ खडेमीठच, कोणाला कळणार? पाचवी आले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही.

चौथा शनिवार गावच्या जत्रेचा निघाला. जत्रेच्या दिवशी मिठागरात कोणी पाऊल ठेवत नाही, हे आम्हा शहरातल्या पोरींना काय ठाऊक! शाळेच्या पायऱ्यांवर सगळ्या ओळीने उभ्या आहेत. "बाई, झोपडी बंद होती." एकेक मूठ उघडते आहे, रिकामी. मग माझी. तुम्ही फक्त पाहिलंत, आणि दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायच्या आत तुमच्या हाताने माझी मूठ मिटलीत. "आजचा शनिवार धरत नाही," एवढंच सगळ्यांना सांगितलंत. मुली पांगल्यावर पदर खोचलात आणि म्हणालात, "चल, आपण दोघी."

संपूर्ण रस्ता तुम्ही माझ्या शेजारून पळालात. बंद झोपडीपाशी थांबून म्हणालात, "मी काही पोलीस नाही गं. एवढ्या लोकांनी आपलं अंगण दिलंय आपल्याला. त्यांच्या रस्त्यावर खोटं नको." मी रडले. "आजच्या एका दिवसाचंच ना?" तुम्ही विचारलंत. मी मान हलवली. हो म्हणून.

निवड आधीच्या तीन शनिवारांवर झाली. मी पाचवी. माझी मैत्रीण सातवी. शर्यतीच्या दिवशी ती आमची दप्तरं सांभाळत मैदानाच्या कडेला उभी होती आणि माझंच नाव घेऊन घसा फोडत होती. मी आमच्या सहाजणींत शेवटची आले.

हंगाम संपला की रथसप्तमीच्या आत तुम्ही आम्हाला त्याच रस्त्याने न्यायचात, घरोघरी तिळगूळ द्यायला. मिठागराच्या आजीने प्रत्येकीला ओळखलं, कोणाच्या गालाला हात लावला, कोणाची वेणी ओढली. माझ्यापाशी थांबून तिने तुम्हाला विचारलं, "ही कनची गो बाय? हिला कंदी पायली नाय मी." माझ्या हातातला तिळगूळ चिकट झाला. तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. "आजपासून येईल, आजी," म्हणालात, "दर शनिवारी येईल." आणि पुढच्या घराकडे चालू लागलात.

मी दर शनिवारी गेले, बाई, शाळा संपेपर्यंत. एकदाही ढोकाळीहून वळले नाही. तुम्हाला सगळं कळलं होतं हे मला त्या दिवशीच समजलं, आणि तुम्ही वाट पाहत होतात हेही. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. तोवर वाट पाहिलीत का, माहीत नाही. मी काही बोलले नाही.

मैत्रीण त्या वर्षानंतर पळायला आली नाही. "सातवी येणाऱ्याने कशाला घाम गाळायचा," असं हसत म्हणायची. आता ती आमच्याच सोसायटीत राहते, समोरच्या इमारतीत. गुडघे दुखतात तिचे, तरी रोज सकाळी सहाला खाली येऊन मला हाक मारते, आणि आम्ही दोघी त्या लाल ट्रॅकवर गोल गोल फिरतो. कधी तुमचा विषय निघतो. ती म्हणते, "बाईंनी मला काय पळवलंय गं!" मी हो म्हणते.

उद्याही ती सहाला खाली उभी असेल. हे सगळं खरं तर तिला लिहायचं होतं. तिचं नाव घालून कागद घेतला, फाडला, आणि मग वर "बाई" असं लिहिलं.