गंजातलं तणसाचं पाणी

कॅम्प-१, भिलाई. बुधवार, संध्याकाळ, १९६१

मी सांगते अन् तू लिहितेस ते हे पान उद्या तूच मले वाचून दाखवशील, सुमे, अन् विचारशील, "आजी, हे लिहिलं कोणी?" तुया विसरण्याले औषध नाही. कॉलेजात पोरींना जीवशास्त्र शिकवतेस, पण चुलीमागच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, काय ठेवलं ते घरात सांगायचं विसरलीस.

मले तर सडकं तणसच दिसलं, धानाचा कुजका पेंढा, म्हणून मोरीत ओतून दिलं. पाच दिवसांचा बुळबुळीत गंज राखेनं घासता घासता खांदे गेले. तू आलीस अन् खालीच बसलीस. "आजी, त्या पाण्यात बारके जीव वाढवले होते. उद्या पोरींची परीक्षा आहे, सूक्ष्मदर्शकाखाली काय दाखवू?"

कॉलेजात सामान नाही म्हणून माझी गाळणी नेलीस, चिमटा नेलास, तेही दिलं. पण तो गंज... एवढा लख्ख कायले घासला मी?

लिहिता लिहिता रडू नको, शाई पसरते. गवळ्याच्या हौदात आठ दिवसांचं तणस कुजून राहिलं आहे, तुये जीव तिथंही असतील. सकाळी मीच जाते. घाण पाणी मागायचं तरी रिकाम्या हातानं जाऊ नये. तुया आईले सांग, गवळणीसाठी माझ्यासंगं बरबटीच्या डाळीचे वडे पाठव, गरम.